शाल, श्रीफळ आणि उरलेली पाच मिनिटं

बोलणाऱ्याला ऐकायला महाराष्ट्रात अजूनही माणसं जमतात. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही भरते. पण व्याख्यानाचं सोडा. आपल्या कानावर वरचेवर पडतं ते प्रासंगिक भाषण: सत्कार, निरोप समारंभ, पंचाहत्तरी, पुस्तक प्रकाशन, शोकसभा. या प्रकाराची तब्येत आज बरी नाही, आणि माझ्या मते त्यात वक्त्यांपेक्षा कार्यक्रमपत्रिकेचा दोष जास्त आहे.

सहाचा कार्यक्रम पावणेसातला सुरू होतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय. व्यासपीठावर नऊ खुर्च्या, म्हणजे नऊ पुष्पगुच्छ. (हल्ली त्याऐवजी पुस्तक देतात, हे चांगलंच, वेळ मात्र तेवढाच जातो.) सूत्रसंचालक प्रत्येक नावाआधी चारोळी म्हणतो आणि वक्त्यांना मात्र ‘वेळेअभावी थोडक्यात’ बोलायला सांगतो. उठलेला प्रत्येक जण ती नऊ नावं पदांसकट पुन्हा घेतो, कारण एखादं राहिलं तर रुसवा ठरलेला. उरलेल्या पाच मिनिटांत ‘अजातशत्रू’, ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्व’, ‘दीपस्तंभ’. शोकसभा असेल तर ‘कधीही भरून न येणारी पोकळी’. हे शब्द कुणालाही लागू पडतात, म्हणूनच ते सोयीचे आहेत. सत्कारमूर्तीची ओळख नसली तरी भाषण अडत नाही.

विशेषणांचं वावडं जुन्यांनाही नव्हतं. आचार्य अत्र्यांचा ‘दहा हजार वर्षांत’ हा लाडका हिशेब सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांचे मृत्युलेख काढून पाहा: अतिशयोक्तीच्या खाली त्या माणसाची खडान्‌खडा माहिती असते. पुलंची भाषणं ‘रसिकहो’, ‘मित्रहो’, ‘श्रोतेहो’ अशा पुस्तकांतून आली. ऐकताना रंगलेलं भाषण छापलं की बहुधा झोपतं. पुलंचं जागं राहतं, कारण हशा वसूल करतानाही समोरचा माणूस त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

आणि मग कऱ्हाड. डिसेंबर १९७५, देशात आणीबाणी, साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत आणि स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. संमेलनाध्यक्षांचं भाषण हा खरं तर ठरीव मामला. छापील प्रती आधीच तयार असतात. दुर्गाबाईंनी त्या व्यासपीठावरून लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली आणि आजारी जयप्रकाश नारायण यांना बरं वाटावं म्हणून सभेला प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. समारंभाचं भाषण एवढंही पेलू शकतं, हे त्या दिवशी दिसलं. त्यानंतर किती अध्यक्षांनी ते पेलून पाहिलं, याची यादी फार लांब होणार नाही.

शाळांतल्या वक्तृत्व स्पर्धांकडून आशा करावी, तर तिथे गुण मिळतात ते पाठांतर आणि हातवाऱ्यांना. वर्गातल्या शेजारच्या मुलाबद्दल तीन मिनिटं बोल, असा विषय मी अजून कुठल्या पत्रकावर वाचलेला नाही.

एका एसटी आगारात चालकाचा निरोप समारंभ होता. साहेबांचं, संघटनेच्या पदाधिकाऱ्यांचं बोलून झालं, शाल-श्रीफळ झालं. मग वर्कशॉपमधल्या एका मेकॅनिकला ढकलून पुढे उभं केलं. तो माइकपासून लांबच राहिला आणि म्हणाला, “हे रात्री गाडी लावून गेले की लॉगशीट बघायची गरजच पडायची नाही. ब्रेक लागत नाही म्हणाले, म्हणजे लागत नाही. खोटा बिघाड सांगून यांनी कधी गाडी उभी ठेवली नाही.” एवढं बोलून तो खाली बसला. चालकाच्या बायकोने मागे वळून तो कोण, हे शेजारणीला विचारलं.

या माणसाला कुणी वक्ता म्हणणार नाही. पण त्या दिवशी भाषण असं एकच झालं.

तेव्हा आयोजकांना विनंती आहे. व्यासपीठावर चारच खुर्च्या मांडा. मान्यवरांची नावं सूत्रसंचालकाने एकदा घ्यावीत. बाकीच्यांना त्यातून मोकळं करा. चारोळ्यांना सुट्टी द्या. आणि पहिलं भाषण, लोक ताजे असताना, त्याच्याकडे द्या ज्याने सत्कारमूर्तीबरोबर रोज काम केलं आहे. पाहुणे नंतर बोलतील. त्यांना तसंही उशिराच यायचं असतं.