पाठमोऱ्या डोक्यांवरचे शहर

जे. डी. ओखाई ओजेइकेरे (१९३०–२०१४) या नायजेरियन छायाचित्रकाराने १९६८पासून केशरचनांची हजाराच्या आसपास कृष्णधवल छायाचित्रे टिपली. बहुतेक स्त्रिया पाठमोऱ्या. जाणकार या रचनांना शिल्पे म्हणतात, ते मला पुरते पटत नाही. शिल्प टिकते, काळा दोरा गुंडाळून उभ्या केलेल्या या बटा काही दिवसांनी सोडायच्याच असतात. ‘पारंपरिक’ हे विशेषणही तोकडे पडते. योरुबा बायकांची ‘शुकू’ जुनी खरी: वेण्या माथ्यावर टोपलीसारख्या गोळा होतात, नावाचा अर्थही टोपलीच. पण ‘ओनिले गोगोरो’ म्हणजे उंच घर, आणि ‘एको ब्रिज’ हा तर लागोसमधला पूल! १९६०च्या स्वातंत्र्यानंतर शहर वर चढत गेले, ते असे डोक्यांवरही चढले. फॅशन आणखी वेगळी काय असते?

२०१३मध्ये ही छायाचित्रे व्हेनिस बिनालेत मांडली गेली. अशा भिंतींवर छायाचित्रकाराचे नाव असते, बऱ्याचदा केशरचनेचेही. तासन्‌तास बसून ती घालणारीचे नसते. तिने काढलेले भांग मात्र जवळून पाहावेत. आखणीपट्टीनेही इतके सरळ जमणार नाहीत.