वीज गेल्यावरचे बुडबुडे

भोपाळच्या अरेरा कॉलनीत एका स्नेह्यांच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे. तिच्यात रोहू, वर खडीच्या वाफ्यात पालक-पुदिना. माशांचे पाणी पंपाने वाफ्यात चढते, खडीवरचे जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात, निवळलेले पाणी खाली येते. पाहुणे पुदिन्याचे कौतुक करून जिना उतरतात. भिंतीवरच्या डबीकडे कुणी बघत नाही. वीज गेल्यावर माशांना हवा पुरवणारी जोडणी तिथे आहे.

२० अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात; त्यात भोपाळ समुद्रसपाटीपासून ५०० मीटर उंच, म्हणजे सातच धरा. उन्हाळ्यात माशांची गरज वाढते नि पाण्याची ऐपत घटते. मागूर असते तर वर येऊन हवा गिळली असती. रोहूला ती सोय नाही.

डबीत एक साधा रिले आहे. वीज असेपर्यंत त्याची कॉइल बॅटरीची वाट तोडून धरते. वीज गेली की स्प्रिंग ती जोडते आणि छोटा हवापंप सुरू होतो. म्हणजे पंप चालू व्हायला कुणाच्या आज्ञेची गरजच नाही, अडवणारा हात सुटला की झाले. आणि कॉइल जळली तरी पंप चालूच होणार! बिघाडालासुद्धा माशांच्या बाजूने उभे करणारी ही योजना मला फार देखणी वाटते.

हवापंपाच्या नळीच्या टोकाचा एअर स्टोन तळाला टेकवलेला नाही, वीतभर वर टांगलाय. खोली कमी तसा पंपावरचा भार कमी, शिवाय तळचा गाळ ढवळत नाही. तो उठला तर उरलासुरला प्राणवायू तोच खातो. बुडबुड्यांचे मुख्य काम पाणी वर आणून पृष्ठभाग हलता ठेवणे. इथल्या तलावांत भोज वेटलँड प्रकल्पात बसवलेली तरंगती कारंजी लोक शोभा म्हणून बघतात, त्यांचा धंदाही हाच. पाणी उलटे पंपात शिरू नये म्हणून नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे, तरी पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगलेला. व्हॉल्व्हचे रबर उन्हाने कडक होते, उंची होत नाही.

वाफ्याला मात्र बॅटरीचा थेंबही दिलेला नाही. उभ्या नळीच्या बुडाशी बारीक भोके आहेत. पाण्याचा पंप थांबला की वाफा आपोआप रिकामा होतो, ओल्या खडीत हवा शिरते, जिवाणू तगतात. परतणाऱ्या पाण्यासाठी टाकीचा काठ आधीच मोकळा सोडलाय. रोज टायमर पंप थांबवतो तेव्हा हेच घडते; वाफ्याला वीज गेल्याचे कळतही नाही.

बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची. हवापंप ३ वॅटचा. निम्मी वापरली तरी चौदा तास. एक व्होल्टमीटर हवा होता, असे मी म्हणालो. स्नेह्यांनी नकारार्थी मान हलवली. जुनी बॅटरी विसाव्यात साडेबारा व्होल्ट दाखवते आणि भार पडताच बसते, म्हणून ते महिन्यातून एकदा सरळ प्लग काढतात आणि संध्याकाळपर्यंत बुडबुडे मंदावतात का ते बघतात.