वनस्पतींची ओळख : यंत्राचा तर्क व माणसाची साक्ष

कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुरबाडच्या पुढे, टोकावडे लागते. मृगाच्या सरी पडून गेल्या की ह्या परिसरात शेवळांच्या जुड्या विकावयास येतात. शेवळ म्हणजे ॲमॉर्फोफॅलस कम्युटेटस ह्या कंदवर्गीय वनस्पतीचा फुलोरा. पान त्यानंतर येते. म्हणून जूनमधील शेवळ आणि पुढे त्याच कंदातून निघालेले पान ह्यांच्या छायाचित्रांत अनभ्यस्त डोळ्यास कोणतेही नाते दिसणार नाही. शेवळ घशाला खाजते. त्या खाजेवर उतारा म्हणून काकडाची आंबट फळे भाजीत घालतात, आणि बहुधा ती त्याच टोपलीत विकावयास असतात.

अशाच एका टोपलीपाशी प्रस्तुत लेखकाने मोबाइल काढला, तेव्हा विकणाऱ्या बाईंनी हसून विचारले, “फोटो काय काढतोस दादा, हातात घेऊन बघ ना!” त्यांनी देठ फिरवून दाखविला, नखाने सोलला, आतला पिवळा भाग काढून टाकावा लागतो हे सांगितले. ओळख म्हणजे काय, ह्याविषयीचा एक संपूर्ण सिद्धान्त त्या कृतीत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

मोबाइलवरील प्रतिमा-ओळखीचा सिद्धान्त निराळा आहे. ‘आयनॅचरॅलिस्ट’ हे त्याचे सर्वांत विचारपूर्वक घडविलेले उदाहरण म्हणून येथे परीक्षणास घेतले आहे. २००८ साली बर्कलीच्या विद्यापीठातील तीन विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर प्रकल्पातून ते जन्मले. २०१७ साली त्यात संगणकाची सूचना आली. छायाचित्र दिले की यंत्र संभाव्य नावांची यादी पुढे ठेवते. छायाचित्र कोठे घेतले हेही ते विचारात घेते. निवड मात्र माणसाने करावयाची. मग इतर सभासद आपले मत नोंदवितात, आणि निदान दोघांचे मत पडून दोन तृतीयांशांहून अधिक मते एका जातीवर जुळली की, स्थळ, दिनांक इत्यादी अटी पुऱ्या होत असल्यास, नोंद संशोधनयोग्य ठरते. यंत्राने सुचवावे आणि माणसांनी ठरवावे, ही रचना आम्हांस तत्त्वतः मान्य आहे. नुसत्या यंत्राच्या निर्णयावर रानभाजी चुलीवर चढविण्यापेक्षा ती शतपटीने बरी.

परंतु ह्या रचनेत एक फट आहे. यंत्राने सुचविलेले नाव सभासदाने स्वीकारले की ते त्याचे स्वतःचे मत म्हणून मोजले जाते. नावाशेजारी यंत्राच्या सूचनेची लहानशी खूण उमटते हे खरे. पण मोजणीत त्या मताचे वजन कमी होत नाही. दुसऱ्या कोणी केवळ ‘सहमत’ म्हटले की दोन मते झाली. ही दोन मते खरोखर दोन आहेत काय? भाषाशास्त्रात क्षेत्रकार्य करणारा प्रत्येक जण हा धोका जाणतो : निवेदकास आपणच शब्द सुचवावा, त्याने मान डोलवावी, आणि आपण ते रूप ‘प्रत्यक्ष वापरातील’ म्हणून वहीत उतरून घ्यावे. येथे तर वहीच पुढे सूचकाची गुरू होते. कारण अशा नोंदींतील छायाचित्रांवरच यंत्राचे पुढील शिक्षण चालते.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. एका नोंदीत एकच जीव असावा, हा तेथील नियम. वर्गीकरणाच्या दृष्टीने तो योग्यच. पण त्यामुळे शेवळाशेजारचे काकड चौकटीबाहेर जाते. टोपलीतील तो शेजार हाच तर जाणत्याच्या दृष्टीने सबळ पुरावा! शब्दाचा अर्थ वाक्यातून ठरतो म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वेगळे सांगावयास नको. आणि ज्यांनी देठ सोलून दाखविला त्या बाईंचे मत? सभासदाने ते टिपणात लिहिले तर राहील, परंतु मोजले जाणार नाही. मोजले गेलेच तर सभासदाच्या नावावर. (गंमत अशी की, पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज येथे पुरावा म्हणून चालतो. माणसाच्या बोलण्याला तो मान नाही.)

हे अटळ आहे असे कोणी म्हणेल तर त्याने ‘होर्तुस मलाबारिकुस’ पाहावा. १६७८ ते १६९३ ह्या काळात आम्स्टरडॅम येथे बारा खंडांत निघालेल्या त्या ग्रंथात व्हान ऱ्हीडे ह्या डच अधिकाऱ्याने इट्टी अच्युतन् ह्या मलयाळी वैद्याची, तसेच रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट ह्या तिघा कोंकणी वैद्यांची साक्षपत्रे छापली. कोंकणी साक्षपत्र तर नागरीत आहे. वसाहतीच्या व्यापारी हेतूंविषयी आम्ही भाबडे नाही. तथापि माहिती कोणी दिली, हे तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या ग्रंथात नावानिशी कळते.

स्थानिक नावांची व्यवस्था ह्या ॲपमध्ये त्या मानाने बरी आहे. एका जातीस एका भाषेत अनेक नावे देता येतात, स्थळानुसार त्यांचा क्रमही लावता येतो. पण मुरबाडमध्ये महादेव कोळी, ठाकर व कातकरी एकाच गावच्या शिवारात राहतात. केवळ स्थळ सांगून कोणाचा शब्द हे कळत नाही.

आमच्या विद्यार्थ्यांनी येत्या मृगात टोकावड्यास जाताना म्हणून एक क्रम पाळावा. आधी सांगणाऱ्याने दिलेले नाव त्याच्या उच्चारात लिहावे, मग ते नाव कशावरून, हे त्याच्याच शब्दांत, आणि त्याची संमती असेल तर त्याच्या नावासह, छायाचित्र त्यानंतर. यंत्राची यादी ह्या तिन्ही गोष्टी झाल्यावरच उघडावी, आणि तिचे उत्तर निराळ्या रकान्यात, निराळ्या शाईने लिहावे.