विठाबाई गायची कशी?

आमच्या बोरी बुद्रुकपासून नारायणगाव जवळच. पाडव्याच्या आधी तिथं तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. त्याच नारायणगावची विठाबाई भाऊ मांग (१९३५-२००२). १९५७ ला आणि १९९० ला राष्ट्रपती पुरस्कार घेतलेली बाई. तिच्यावर लेखक मंडळी काय लिहितात? भर तमाशात कळा आल्या, आत जाऊन बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली, परत बोर्डावर आली. झालं. लेख संपला, डोळे पुसले.

अरे, पण ती गायची कशी?

अमेरिकेत मडी वॉटर्स नावाचा काळा गवई होऊन गेला. मिसिसिपीच्या कापसाच्या रानात राबणारा. १९४३ साली शिकागोला आला. गुत्त्यातल्या कालव्यात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून विजेची घेतली. दुःख त्यालाही कमी नव्हतं. पण त्याच्यावर लिहिणारे तारेवर नळी कशी घासायचा यावरही पानंच्या पानं भरतात.

मी साच्यावर उभा राहणारा माणूस. खडखडाटात आवाज काढायचा म्हणजे काय, ते मला ठावं आहे. ढोलकी कडाडतीय, तुणतुणं चालूच, मागं झीलकरी ‘जी जी’ ओढतायत. बाई नाचतीय आणि त्याच दमात गातीय, पार मागच्या माणसापर्यंत. फुललेला श्वास शब्दात कुठं दडवायचा, ही विद्या आहे. बैठकीतल्या गवयाची असली की तिला रियाज म्हणतात. आमच्या बाईची असली की सोशीकपणा!

येत्या पाडव्याला राहुट्यांतल्या म्हाताऱ्या ढोलकीवाल्यांना मी एवढंच विचारणार आहे : बाई दम कुठं घ्यायची?