वाटेवरचे एक घर

प्रवासी गाव पाहतो की गावाविषयीची आपली कल्पना पाहतो, हा प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील खेड्यांच्या बाबतीत तो ग्रँट वुड या चित्रकाराच्या ‘अमेरिकन गॉथिक’ या चित्राने जितका तीव्र केला, तितका क्वचितच एखाद्या प्रवासग्रंथाने केला असेल. १९३० साली या चित्रास शिकागोच्या कलासंस्थेने ब्राँझपदक व तीनशे डॉलर दिले. आजही ते तेथेच आहे. ते पाहून कित्येक जोडपी मोटारीने पश्चिमेची वाट धरतात. मिसिसिपी ओलांडून बर्लिंग्टन, माउंट प्लेझंट, फेअरफील्ड अशी लहान गावे मागे टाकीत, मका व सोयाबीनच्या शेतांमधून ती आयोवा राज्यातील एल्डन येथे पोचतात. गावाची वस्ती हजाराच्या आत. पण चित्रातले घर तेथे आहे. शेजारच्या केंद्रातून उसने कपडे व गवत उचलण्याचा तीन दातांचा काटा घेऊन पतिपत्नी त्या घरापुढे गंभीर मुद्रेने उभी राहतात.

मौज अशी की, चित्रातील जोडी पतिपत्नीची नव्हेच. ती स्त्री म्हणजे वुडची बहीण नॅन आणि तो पुरुष त्याचा दंतवैद्य बायरन मकीबी. दोघांनी निरनिराळ्या वेळी बैठका दिल्या. या घरापुढे तर ती कधीच उभी राहिली नाहीत. ती बाप-लेक आहेत, असे नॅनचे म्हणणे असे. वुड स्वतः एका तरुण चित्रकाराबरोबर मोटारीतून फिरताना तेथे आला होता. एवढ्याशा लाकडी घराला चर्चसारखी टोकदार खिडकी पाहून, येथे कशी माणसे शोभतील, याची त्याने कल्पना केली. म्हणजे हे चित्रच मुळी एका वाटसरूची कल्पना होय.

आयोवातील शेतकरी स्त्रियांना यात आपली थट्टा दिसली. कित्येक टीकाकारांनीही त्याला उपहास मानले. आम्हांस हे मत पटत नाही. स्त्रीच्या मानेवर सुटलेली एकच बट, पुरुषाच्या अंगरख्याच्या शिवणीत उमटलेला काट्याचा आकार, हे सारे ज्या ममतेने रेखाटले आहे, ती ममता उपहास करणाऱ्याच्या ठायी नसते. दोष आहे तो निराळाच. खिडकीचा पडदा ओढलेला आहे, आणि त्यामागे खरोखर कोण राहत होते, हे चित्र आपणांस सांगत नाही. चित्रकारास तो अधिकार आहे. परंतु पाहणाऱ्याने त्या दोन मुद्रांवरून साऱ्या प्रांताची परीक्षा करावी, हे अन्यायाचे आहे.

याचा पुरावा दूर शोधावयास नको. वाटेवरच्या फेअरफील्ड येथे १९७४ पासून महर्षी महेश योगी यांचे विद्यापीठ आहे, आणि ध्यानासाठी बांधलेले दोन सोनेरी घुमट शेतांच्या शेजारी उभे आहेत. ‘अमेरिकन गॉथिक’ डोळ्यांपुढे ठेवून येणाऱ्यास हे घुमट कसे अपेक्षित असणार? तेव्हा एल्डनला जाणाऱ्या जोडप्याने छायाचित्र अवश्य काढावे. मात्र उसने कपडे परत केल्यावर घटकाभर गावात थांबून कोणाशी तरी बोलावे. चित्राने जे सांगितले नाही, ते तेथेच कळण्यासारखे आहे.