टास्मानियाचा एक प्रयोग

१९६५ साली खेळाडूंना नियमाबाहेर पैसे चारले म्हणून बर्लिनच्या हेर्टा संघाला बुंडेसलिगातून, म्हणजे पश्चिम जर्मन फुटबॉलच्या पहिल्या वर्गातून काढलं. पण पश्चिम बर्लिनचं कुणीतरी हवंच! म्हणून टास्मानियाला ऐनवेळी बोलावलं. नायक आला नाही म्हणून पडदा ओढणाऱ्याला मिशी चिकटवून स्टेजवर ढकलावं, तसं. (शाळेत ती मिशी मी लावलीय. दुसऱ्याच वाक्याला निम्मी सुटली.)

पहिला अंक झकास! ८० हजारांवर प्रेक्षक, कार्ल्सरूहवर २-० विजय. मग ओळीनं ३१ सामने विजय नाही. मोसमात गोल केले १५, खाल्ले १०८. तळाचा नंबर आणि खालच्या वर्गात रवानगी.

जानेवारी १९६६ मध्ये एका सामन्याला त्याच अवाढव्य ऑलिम्पिक स्टेडियममध्ये माणसं आली ८२७. लोक या आकड्याला हसतात. पण तो सामना ०-० सुटला होता हो! रिकाम्या थिएटरात इमानानं काम करणाऱ्या नटाला मी नावं ठेवणार नाही. ठेवायचीच तर भूमिका वाटणाऱ्यांना ठेवीन.

२०२१ च्या जानेवारीत शाल्के संघ ३० सामने न जिंकता या विक्रमाच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि नेमका हॉफेनहाइमला ४-० हरवून बसला. टास्मानियाचा विक्रम वाचला. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.