‘तुघलक’ नाटक : सत्ता, इबादत आणि दख्खनचा प्रेक्षक

मुहम्मद बिन तुघलक (राज्यकाल १३२५ ते १३५१) हे नाव मराठीत विशेषण होऊन बसले आहे. एखादा विक्षिप्त हुकूम निघाला की लोक त्याला ‘तुघलकी फर्मान’ म्हणतात. गिरीश कर्नाड यांचे ‘तुघलक’ (१९६४) पाहताना प्रेक्षक हे विशेषण मनात घेऊनच बसतो. हे मूळ कन्नड नाटक विजय तेंडुलकरांनी मराठीत आणि ब. व. कारंतांनी हिंदुस्तानीत आणले. बिदर व कलबुर्गी या जिल्ह्यांत या तिन्ही भाषा जाणणारा वाचक असल्याने येथे त्याचा विचार वेगळ्या बाजूने करता येतो.

नाटक सुरू होते ते सुलतानाच्या न्यायप्रियतेने. एक ब्राह्मण सुलतानाविरुद्ध दावा लावतो, काझी त्याच्या बाजूने निकाल देतो आणि सुलतान तो मान्य करतो. परंतु हा ब्राह्मण म्हणजे वेषांतर केलेला अझीझ धोबी. न्याय खरा, फिर्यादी खोटा. पुढे हाच अझीझ दौलताबादच्या वाटेवर अधिकारी होतो आणि आजारी मूल घेऊन वैद्याकडे जाऊ पाहणाऱ्या बाईला पैशाशिवाय सोडत नाही. वरच्या हुकुमाचा जुलूम खालच्या हातांतून कसा वाढत जातो, हे या एका प्रसंगात स्पष्ट होते.

मुस्लिम वाचकाला अस्वस्थ करणारा भाग नमाजचा आहे. सुलतान निःशस्त्र असतो तो क्षण म्हणून अमीर नमाजची वेळ हत्येसाठी निवडतात. कट उघडकीस येतो आणि सुलतान नमाजवरच बंदी घालतो. यात दीनची विटंबना आहे असा आक्षेप घेता येईल. पण तो टिकत नाही. नाटकात दोष इबादतचा नसून तिला हत्यार करणाऱ्या दोन्ही पक्षांचा आहे. शेवटी अजान होते तेव्हा सुलतान झोपलेला असतो, ही त्याची सर्वांत मोठी शिक्षा होय. स्वप्ने एकट्याने पाहायची आणि मशवरा कोणाचाच मानायचा नाही, हे त्याच्या जुलमाचे मूळ आहे.

नाटकाची उणीवही नोंदवली पाहिजे. कर्नाडांनी इतिहासकार झियाउद्दीन बरनीला पात्र केले. इसामी मात्र रंगमंचावर नाही. दिल्ली सोडावी लागलेल्यांत इसामी स्वतः होता आणि त्याचे वृद्ध आजोबा वाटेतच वारले. त्याने ‘फुतूह-उस-सलातीन’ हे फारसी काव्य १३५० मध्ये बहमनी आश्रयात पूर्ण केले. नाटकात सर्वांत प्रभावी भाषा सुलतानाच्या वाट्याला येते, वाटेवर मरणाऱ्यांच्या वाट्याला फार थोडी. अर्थात, इसामीचा धनी अलाउद्दीन हसन बहमन शाह हा तुघलकाविरुद्ध बंड करून १३४७ मध्ये गादीवर बसला होता आणि गुलबर्गा ही त्याची राजधानी झाली. म्हणून त्याची साक्षही पारखूनच घ्यावी लागते. बरनीही सुलतानाच्या मृत्यूनंतर, दरबारातून दूर फेकला गेल्यावर लिहीत होता.

हाच प्रश्न बिदरमध्येही उभा राहतो. हुमायून शाह बहमनी (१४५८ ते १४६१) ‘जालिम’ म्हणून ओळखला जातो. अष्टूर येथील त्याच्या मकबऱ्याचा घुमट दुभंगला आहे आणि लोक त्यात न्याय पाहतात. ह. खा. शेरवानींसारख्या अभ्यासकाने मात्र या वर्णनात अतिशयोक्ती असल्याचे दाखवले. उलट मदरसा उभारणाऱ्या महमूद गवानला १४८१ मध्ये बनावट पत्रावरून, चौकशीविना ठार करण्यात आले. तो हुकूम देणाऱ्या मुहम्मद शाह तिसऱ्याला मात्र लोकांनी ‘जालिम’ म्हटले नाही. म्हणजे जुलूम शोधायचा तो उपाधीत नव्हे, कृतीत.

वर्गात ‘तुघलक’ शिकवताना शिक्षकांनी हाच धागा धरावा. मुस्लिम विद्यार्थ्याने सुलतानाची वकिली करू नये आणि इतरांनी त्याच्या जुलमाचा हिशेब त्या विद्यार्थ्याकडे मागू नये. नाटकाच्या अखेरीस सुलतान गुन्हेगार अझीझला शिक्षा करण्याऐवजी दख्खनेत अधिकारपद देतो. अशी माणसे आपल्याकडे येतात तेव्हा त्यांना ओळखण्याची नजर तयार करणे, हेच या नाटकाच्या अध्यापनाचे प्रयोजन ठरावे.